अस्तराचा झोळ

पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा मला वाटलं, फोकस हलला असणार. रात्रीचे साडेनऊ झाले होते आणि तळघरातल्या मायक्रोस्कोपच्या खोलीत मी एकटीच होते. पडद्यावर एक गोल होता. व्यास वीसेक मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढा. आतून किंचित काळसर आणि कडेला उजळ वलय. चरबीच्या रेणूंची ती एक पोकळ पिशवी. आत साखरेचं पाणी, बाहेर ग्लुकोजचं. त्या दिवशी दुपारी मीच ती बनवली होती. बाहेरच्या पाण्यात औषधाचा एक थेंब सोडून चार मिनिटं झाली होती, आणि गोलाच्या खालच्या अंगाला एक खळी पडली. मी फोकसच्या चाकावर बोट ठेवलं, पण चाक जागेवरच होतं. खळी खोल होत गेली, तिची मान आवळत गेली, आणि बघता बघता पिशवीच्या पोटात एक छोटी पिशवी तयार झाली.

ती छोटी पिशवी काळसर नव्हती. तिची छटा हुबेहूब बाहेरच्या पाण्यासारखी होती. म्हणजे तिच्या पोटात बाहेरचं पाणी होतं. बाहेरचा एक घोट या चिमुकल्या गोलानं आत घेतला होता, आणि हे करवून घेणारं तिथे कुणीही नव्हतं. जिवंत पेशीत असं काही घडतं तेव्हा त्यामागे प्रथिनांची मोठी फौज असते. इथे प्रथिनं नव्हती, ऊर्जा पुरवणारे रेणू नव्हते, केंद्रक नव्हतं. होती ती चरबी, पाणी, साखर आणि औषध.

त्या औषधाचं नाव क्लोरप्रोमाझिन. माझी मावशी ते बावीस वर्षं घेत होती.

मावशी मिरजेला राहायची, म्हणजे अजूनही राहते. ब्लाउज शिवते. खिडकीशी पायमशीन, त्याच्या डाव्या हाताला टेप आणि खडू, उजव्या हाताला पिनांची गादी. मे महिन्याच्या सुट्टीत मी तिच्याकडे असायचे आणि माझं एकच काम असायचं, सुयांत दोरा ओवून द्यायचा. तिचे हात थरथरायचे. गोळीनं थरथरतात, एवढंच मला सांगितलं होतं. सकाळी उठल्यावर मी दहा सुया ओवून गादीत टोचून ठेवायची आणि दुपारपर्यंत तिला त्या पुरायच्या. मशीनवर मात्र तिचा हात कधी चुकला नाही. कापड पुढे सरकवताना थरथर जणू त्या कापडात विरून जायची.

दुसरी गोष्ट आठवते ती छत्री. पौषातल्या कोवळ्या उन्हातसुद्धा मावशी छत्री उघडून भाजीला जायची. गल्लीतली मुलं हसायची. तिला डॉक्टरांनीच सांगितलं होतं, ही गोळी चालू असेपर्यंत अंगावर ऊन घेऊ नका, कातडी काळवंडेल, चट्टे उठतील. त्या छत्रीचा आणि माझ्या कामाचा संबंध पुढे येणार आहे, त्या वेळी मला तो कळण्याचं कारण नव्हतं.

आजाराचं नाव घरात कुणी घेत नसे. ‘डोक्याचा त्रास’ म्हणायचे, आणि गोळी म्हणजे ‘डोक्याची गोळी’.

मी औषधनिर्माणशास्त्र शिकले आणि तिथून फिरत फिरत पुण्यात पीएचडीला आले तेव्हा हे सगळं मनाच्या तळाशी गेलं होतं. विषय होता औषधं आणि पेशीचं आवरण. औषधांची यादी माझ्या गाइड मॅडमनी दिली, त्यात तिसऱ्या ओळीत हे नाव होतं. मी काही बोलले नाही. बाटली आली ती गडद तपकिरी काचेची, ‘प्रकाशापासून दूर ठेवा’ असं लिहिलेली. आत पांढरी भुकटी. उजेडात राहिली तर ती रंग बदलते. लेबल वाचताना मला मावशीची काळी छत्री आठवली.

पेशीचं आवरण कसं असतं ते सांगताना मला शिवणाच्याच शब्दांत बोलावंसं वाटतं, कारण त्याहून नेमके शब्द मला मिळालेले नाहीत. आवरण दुपदरी असतं, वरचं कापड आणि आतलं अस्तर. दोन्ही पदर चरबीच्या रेणूंचे. प्रत्येक रेणूचं डोकं पाण्याकडे आणि दोन शेपट्या एकमेकींकडे, आत. दोन्ही पदर मिळून जाडी जेमतेम चार-पाच नॅनोमीटर. एका मिलिमीटरमध्ये असे दोन लाखांहून जास्त थर बसतील. पदर एकमेकांवरून घसरू शकतात पण सुटू शकत नाहीत, कारण शेपट्यांना पाणी सोसत नाही आणि मध्ये फट पडली की पाणी शिरेल.

दोन पदर आहेत हे शोधलं कसं, ती कथा मला फार आवडते. १९२५ साली नेदरलँड्समधल्या लायडनला एव्हर्ट गोर्टर आणि फ्रँस्वा ग्रेंडेल या दोघांनी माणसाच्या, कुत्र्याच्या, शेळीच्या, सशाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी घेतल्या. अॅसिटोननं त्यांतली चरबी काढली आणि ती पाण्यावर एकेरी थरात पसरून तिचं क्षेत्रफळ मोजलं. ते पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरलं. म्हणजे आवरण दोन थरांचं. पुढे लक्षात आलं की त्यांच्या हातून दोन चुका झाल्या होत्या. अॅसिटोननं सगळी चरबी निघाली नव्हती, आणि पेशीचा पृष्ठभागही त्यांनी कमी धरला होता. दोन्ही चुकांनी एकमेकींना सांभाळून घेतलं आणि उत्तर बरोबर आलं. तांबड्या पेशीला केंद्रक नसतं, आत दुसरी आवरणं नसतात, म्हणून तिच्यातून निघालेली चरबी ही फक्त बाहेरच्या आवरणाचीच. पेशीची निवड अचूक होती, आणि माझ्या मते त्यांचं खरं शहाणपण तिथेच आहे.

पण मला सांगायचं आहे ते त्यानंतर बऱ्याच काळानं आलेलं वर्ष, १९७४. कॅलिफोर्नियात सॅन दिएगोच्या विद्यापीठात मायकेल शीट्झ आणि एस. जे. सिंगर यांच्यासमोर एक जुनं कोडं होतं. काही औषधं रक्तात मिसळली की तांबडी पेशी धोतऱ्याच्या बोंडासारखी काटेरी होते. काही मिसळली की ती उलट आत दबते, पानाच्या द्रोणासारखी खोल होते. कुठलं औषध काय करेल याचा एक ढोबळ नियम दिसत होता. ज्यांच्यावर ऋण भार, ती काटे आणतात. ज्यांच्यावर धन भार आणि जी आवरणातून आरपार जाऊ शकतात, ती द्रोण करतात. क्लोरप्रोमाझिन द्रोण करणाऱ्यांतलं.

त्यांचं उत्तर वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून खिडकीपाशी गेले होते. ते म्हणाले, आवरणाचे दोन पदर सारखे नाहीत. आतल्या पदरात फॉस्फॅटिडिलसेरीन नावाची चरबी असते, तिच्यावर ऋण भार असतो. बाहेरच्या पदरात ती जवळजवळ नसते. (ती बाहेर आली तर शरीर त्या पेशीला मेलेली समजून गिळून टाकतं, इतकं हे वाटप महत्त्वाचं आहे.) आता धन भाराचं औषध आवरणापाशी आलं की ते आतल्या ऋण पदराकडे ओढलं जाणार, तिथल्या रेणूंमध्ये घुसून बसणार. बसलं की जागा अडवणार. आतल्या पदराचं क्षेत्रफळ वाढणार, बाहेरच्याचं तेवढंच राहणार. दोन्ही पदर एकमेकांना बांधलेले, मग वाढलेल्या कापडानं जायचं कुठे? ते आत वाकणार. ऋण भाराचं औषध बाहेरच्या पदरातच अडकतं, तो पदर वाढतो आणि बाहेर काटे उगवतात. दोन धातूंच्या पट्ट्या एकत्र जोडून तापवल्या की एक जास्त प्रसरण पावते आणि जोडी वाकते, तसं. जुन्या इस्त्रीत तापमान सांभाळणारी पट्टी याच तत्त्वावर चालते.

मला मात्र धातूच्या पट्टीच्या आधी ब्लाउज आठवला. अस्तराचं कापड आधी पाण्यातून काढून, वाळवून, इस्त्री करून मगच बेतायचं, हा मावशीचा नियम. कितीही घाई असो, लग्नसराई असो. तसं केलं नाही तर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं, वरचं कापड आटत नाही, आणि छातीवर, मुंढ्यापाशी झोळ येतो. वरचं कापड आटणारं निघालं तर उलटं, अस्तर आत गोळा होतं, अंगाला टोचतं. दोष शिवणीत नसतो. टीप सरळ असते. दोन पदरांचा हिशोब चुकलेला असतो, एवढंच.

हा हिशोब किती चुकावा लागतो? हे मी वहीत स्वतः मांडलं, कारण नुसतं वाचून माझा विश्वास बसेना. वीस मायक्रॉनच्या गोलात बाहेरचा पदर आतल्यापेक्षा थोडा मोठा असतोच, कारण तो बाहेरून वळसा घालतो. दोन पदरांच्या मध्यांमधलं अंतर दोन-अडीच नॅनोमीटर धरलं तर हा फरक येतो दर दहा हजारांत पाच. एका पदरात सुमारे दोनशे कोटी रेणू असतात, त्यांत फरक फक्त दहा लाखांचा. कापडाच्या भाषेत, एक मीटरला अर्धा मिलिमीटर. गोल हा गोल दिसतो तो या अर्ध्या मिलिमीटरच्या जोरावर. आतल्या पदरात तेवढी भर पडली की बाहेरच्याची आघाडी संपली. औषधाला तर दर शंभर रेणूंमागे एक जागा मिळवणं काहीच अवघड नाही. म्हणजे हिशोब बिघडवायला जितकं लागतं त्याच्या वीसपट.

चरबीचे रेणू स्वतः या पदरातून त्या पदरात उडी मारून हा फरक भरून का काढत नाहीत? कारण त्यांचं पाणीप्रिय डोकं तेलकट मधल्या भागातून पलीकडे जायला तयार नसतं. एका रेणूला अशी कोलांटी मारायला तास लागतात, कधी दिवस. औषधाला मिनिटं पुरतात. औषध धावतं आणि चरबी जागेवर राहते, म्हणून आकाराला बदलावं लागतं.

माझ्या पिशवीत एक अडचण होती. तांबड्या पेशीसारखे तिचे पदर वेगळे नव्हते, आत-बाहेर एकच चरबी. मग औषधाला आतल्या पदराची ओढ कशानं लावायची? आम्ही आतलं पाणी आंबट केलं. आत पीएच साडेपाच, बाहेर ७.४, रक्ताएवढा. क्लोरप्रोमाझिनचा रेणू असा आहे: तीन कड्यांचा चपटा तेलकट भाग आणि त्याला जोडलेली छोटी शेपटी, शेपटीच्या टोकाला नायट्रोजन. तो नायट्रोजन पाण्यातून हायड्रोजनचा धन कण उचलतो आणि भारित होतो. ७.४ पीएचला शंभरातले एक-दोन रेणूच बिनभाराचे असतात, आणि तेलकट आवरणातून सहज पार होतात ते तेच. ते एक-दोन गेले की उरलेल्यांतले आणखी एक-दोन भार टाकतात, तेही जातात. आत आंबट पाण्यात पोचल्याबरोबर त्यांना भार चिकटतो आणि परतीची वाट बंद होते. आत ते साचत जातात आणि भार पाण्याकडे, तेलकट अंग शेपट्यांकडे करून आतल्या पदरात बसतात.

पिशव्या बनवण्याची पद्धत १९८६ साली मिग्लेना अँगेलोव्हा आणि दिमितर दिमित्रॉव्ह यांनी दिली. वीज वाहू शकेल असा लेप दिलेल्या काचेवर क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवलेली चरबी पसरायची. क्लोरोफॉर्म उडून जाऊ द्यायचा, मग निर्वात भांड्यात दोन तास ठेवायची, नाहीतर उरलेला अंश पुढे दगा देतो. वर साखरेचं पाणी घालायचं आणि साधारण एक व्होल्टचा, सेकंदाला दहा वेळा उलटणारा प्रवाह तासभर सोडायचा. चरबीचे थर सुटे होतात, फुगतात, एकमेकांत मिसळतात आणि काचेवरून द्राक्षांच्या घडासारखे गोल उठतात. आम्ही त्यांना जीयूव्ही म्हणतो, म्हणजे ‘जायंट युनिलॅमेलर व्हेसिकल’, एकाच आवरणाची मोठी पिशवी. ग्लुकोजच्या पाण्यात टाकले की साखरेच्या वजनानं अलगद तळाशी बसतात आणि मायक्रोस्कोपखाली दिसू लागतात. हे सगळं हातानं करायचं काम आहे. पिपेटचं टोक थोडं कापून रुंद करायचं, नाहीतर अरुंद तोंडातून ओढताना पिशव्या फाटतात. हे कुठल्या पुस्तकात मला मिळालं नाही, सीनियरनं शिकवलं.

आणि पिशवी सैल हवी. हे मला फार उशिरा कळलं. बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा जरा दाट ठेवलं की आतलं थोडं पाणी बाहेर झिरपतं आणि पिशवी ढिली पडते, तिची कड कापते, थरथरते. अशी पिशवीच आत वळू शकते. टम्म फुगलेल्या पिशवीवर औषध घातलं तर काहीच होत नाही. पदरांचा हिशोब चुकलेला असतो, ताण असतो, पण वळायला जास्तीचं कापडच नसतं. चिकटून बसलेल्या ब्लाउजला झोळ येत नाही, तो उसवतो. माझ्याही कितीतरी पिशव्या तशाच, पडद्यावर एका क्षणी असायच्या आणि पुढच्या क्षणी नसायच्या.

वाकवायला किती श्रम पडतात याचं गणित १९७३ साली वोल्फगांग हेल्फ्रिख यांनी मांडलं. हे तेच हेल्फ्रिख, ज्यांच्या आणि मार्टिन शाट यांच्या कामातून डिजिटल घड्याळांच्या, कॅल्क्युलेटरच्या पडद्यामागचं द्रव-स्फटिकांचं तंत्र आलं. त्यांच्या गणितातली एक गोष्ट मला अजून नवलाची वाटते: सपाट आवरण वळवून गोल करायला लागणारी ऊर्जा गोलाच्या आकारमानावर अवलंबून नाही. मोठा गोल असो की त्याच्या शंभराव्या हिश्श्याचा, खर्च तोच. मोठ्याचं क्षेत्रफळ जास्त पण वळण सौम्य, छोट्याचं क्षेत्रफळ कमी पण वळण तीव्र, दोन्ही एकमेकांना कापतात. म्हणून छोटी पिशवी तयार होणं फुकटात होत नाही. प्रत्येक नव्या खळीमागे तेवढाच खर्च पुन्हा, आणि तो सगळा त्या पदरांत दाटीवाटीनं बसलेल्या औषधाच्या रेणूंनी उचललेला असतो.

आता ती छत्री.

पहिल्या रात्रीनंतर मी तीन आठवडे रोज खळ्या बघितल्या. आवरण नीट दिसावं म्हणून मी चरबीत थोडा चमकणारा रंग मिसळला होता आणि त्याला चमकवायला हिरव्या प्रकाशाचा झोत लागत होता. चित्रं देखणी येत होती. काळ्या पार्श्वभूमीवर लाल कडा, आत लाल मणी. मॅडमना दाखवली. त्यांनी शांतपणे विचारलं, “औषधाशिवायचं सँपल याच प्रकाशात इतकाच वेळ ठेवलंस का?” मी ठेवलं होतं, पण अंधारात, आणि शेवटी एकदाच बघितलं होतं.

त्याच संध्याकाळी ठेवलं. औषधाचा थेंबही नाही, फक्त चरबी, रंग आणि प्रकाश. सहा मिनिटांत पिशवी थरथरू लागली आणि तिलाही गाठी फुटल्या. प्रकाशानं रंगाचे रेणू चेततात, त्यातून ऑक्सिजन चेततो, तो चरबीच्या शेपट्यांवर हल्ला करतो आणि त्या शेपट्या बदलल्या की पदराचं क्षेत्रफळच बदलतं. माझ्या तीन आठवड्यांच्या चित्रांत औषधाचा वाटा किती आणि दिव्याचा किती, हे वेगळं काढायला मार्ग नव्हता. शिवाय क्लोरप्रोमाझिन स्वतःच प्रकाशात बिथरणारं. मावशीच्या कातडीला ऊन का चालत नव्हतं, त्यासारखंच काहीसं माझ्यासमोर घडत होतं. मी ती पानं वहीतून फाडली नाहीत, वर आडवी रेघ मारली आणि खाली कारण लिहिलं. घरी जाताना बसमध्ये रडले, हेही खरं आहे. त्या खळ्या मला मावशीच्या गोळीच्या म्हणून हव्या होत्या.

मग सगळं नव्यानं केलं. रंग काढून टाकला. साधा, मंद प्रकाश, तोही चित्र घेण्यापुरता. प्रत्येक दिवशी औषधाचं एक सँपल, बिनऔषधाचं एक, आणि एक आत-बाहेर सारख्याच पीएचचं. दोन महिन्यांनी जे उरलं ते पहिल्या चित्रांइतकं देखणं नव्हतं. करड्यावर करडं. पण बिनऔषधाच्या पिशव्या आपल्या जागी गोल राहिल्या, आणि आतून आंबट असलेल्या पिशव्यांवर औषध पडलं की खळ्या आतच वळल्या. छटा बाहेरच्या पाण्याची, मान अरुंद, काही मान तुटून आत मोकळ्या तरंगणाऱ्या.

पुढे वाचताना कळलं की माझ्या कितीतरी आधी, १९६९ मध्ये, मलेरियावरच्या प्रिमाक्विनने तांबड्या पेशीच्या आवरणाचे तुकडे आत ओढून नेलेले दिसल्याचं ‘सायन्स’मध्ये छापून आलं होतं. प्रिमाक्विन म्हणजे आपल्याकडे पावसाळ्यानंतरचा थंडीताप एका जातीच्या मलेरियाचा निघाला की चौदा दिवस घ्यायला लावतात ते. तेही त्याच कुळातलं, एक अंग तेलकट, दुसऱ्यावर धन भार. क्लोरोक्विन तसंच. हृदयाचे ठोके आवरायला देतात ते अॅमिओडॅरोन तसंच. आजार वेगळे, दुकानातले कप्पे वेगळे, पण आवरणाच्या दृष्टीनं ही सगळी एका घरची माणसं. पेशीच्या आत लायसोसोम नावाच्या आंबट पिशव्या असतात, जुन्या-पान्या रेणूंची मोडतोड करणाऱ्या. माझ्या जीयूव्हीत जे घडत होतं, औषध आत शिरणं, भार घेणं आणि अडकून पडणं, तेच या पिशव्यांत घडतं. तिथे चरबीची विल्हेवाट अडते आणि ती कांद्याच्या पाकळ्यांसारखी थरांवर थर साचते. या स्थितीला फॉस्फोलिपिडोसिस म्हणतात.

हे तपशील किती जिव्हाळ्याचे ठरू शकतात ते २०२० साली कळलं. करोनाच्या साथीत, मार्चमध्ये, आयसीएमआरनं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं) आरोग्य कर्मचाऱ्यांना हायड्रॉक्सीक्लोरोक्विन घेण्याचा सल्ला दिला, आणि पाहता पाहता ते दुकानांतून नाहीसं झालं. संधिवातासाठी वर्षानुवर्षं ते घेणाऱ्या बायका एका पाकिटासाठी दुकानं पालथी घालत होत्या. जगभर प्रयोगशाळांत जुनी औषधं पेशींवर घालून बघत होते आणि डझनांनी औषधं विषाणू रोखताना दिसत होती. २०२१ मध्ये ‘सायन्स’मध्ये एक निबंध आला: यांतली बरीच औषधं विषाणूच्या कुठल्या खास कुलपाला किल्ली लावत नव्हती. ती धन भाराची तेलकट औषधं होती, पेशीत चरबी साचवत होती आणि विषाणूची वाढ त्यामुळे खुंटत होती. ताटलीतल्या पेशीत दिसलेला गुण माणसात उतरण्याची आशा त्यामुळे फारशी नव्हती. हा निबंध वाचताना मला वाटलं, अस्तराकडे आधी बघायला हवं होतं. आपण औषध म्हटलं की कुलूप-किल्ली शिकतो, शिकवतो. कुलपापर्यंत पोचायला त्याला कापडातून जावं लागतं आणि जाताना ते कापडात बसतं, हे पुस्तकात एका ओळीत संपतं.

म्हणून काही गोष्टी स्पष्ट सांगते, कारण हे वाचून कुणी आपली गोळी बंद करू नये. क्लोरप्रोमाझिन मनाच्या आजारात काम करतं ते मेंदूतल्या डोपामिनच्या ग्राहकांना अडवून. हातांची थरथर आली तीही त्याच अडवणुकीतून. माझ्या प्रयोगात औषधाचं प्रमाण रक्तातल्यापेक्षा पन्नासएक पटींनी जास्त होतं, आणि रक्तात तर त्याचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग प्रथिनांना धरून असतो. मावशीच्या तांबड्या पेशींचे द्रोण झाले होते असं मी म्हणत नाही. या गोळीनं तिला तिचं मशीन परत दिलं, हे मी घरात पाहिलेलं आहे. पॉल शारपाँतिए यांनी डिसेंबर १९५० मध्ये फ्रान्समध्ये हा रेणू बनवला. आँरी लाबोरी या नौदलाच्या शल्यविशारदानं तो शस्त्रक्रियेच्या रोग्यांवर वापरला, ते भानावर राहूनही शांत होतात हे टिपलं, आणि १९५२ मध्ये पॅरिसच्या सेंट-अॅन रुग्णालयात जाँ दले आणि पियेर देनिकेर यांनी तो मनोरुग्णांना दिला. त्याआधी अशा माणसांसाठी काय होतं, त्याची वर्णनं मी वाचली आहेत आणि ती इथे लिहिणार नाही.

गेल्या दिवाळीत मिरजेला गेले तेव्हा फोनवर एक चित्रफीत घेऊन गेले. चाळीस सेकंदांची, करड्यावर करडी. फराळाची ताटं उचलली गेली होती, मावशी मशीनपाशी बसली होती. मी फोन तिच्यासमोर धरला. तिनं चष्मा पुसला, फोन माझ्या हातातून घेतला आणि दोन्ही हातांत धरला, थरथर थांबावी म्हणून मशीनच्या फळीवर टेकवून.

खळी पडली, मान आवळली, आत पिशवी आली.

“अगं, ह्याचं अस्तर वाढलंय,” ती म्हणाली. “वरचं कापड तेवढंच, आतलं जास्त. म्हणून आत झोळ.”

मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. पेशी नाही, चरबी नाही, दोन पदर नाहीत. मी विचारलं, “कशावरून?”

“बाहेर सुरकुती कुठाय? वरचं जास्त असतं तर बाहेर फुगलं असतं.” मग जरा थांबून, “कशानं वाढलं?”

मी गोळीचं नाव सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. तिनं चित्रफीत पुन्हा लावली, मग अजून एकदा. तिसऱ्यांदा खळी पडायच्या आधीच तिनं पडद्यावर बोट ठेवलं, बरोबर त्या जागी.

“म्हणजे ती नुसती डोक्यात जात नाही,” ती म्हणाली.

“नाही मावशी. सगळीकडे जाते. प्रत्येक पेशीच्या कापडातून जाते.”

“मला वाटायचंच.” तिनं फोन परत दिला. “आणि धुतलं तर? पाण्यातून काढलं तर जातं का ते?”

हा प्रश्न मी स्वतः चार महिन्यांनी विचारला होता आणि त्यासाठी वेगळी काचेची नळी बनवून घेतली होती. मी तिला सांगितलं, की बाहेर औषध नसलेलं पाणी हळूहळू सोडत राहिलं तर औषध जसं आलं तसं निघून जातं. मान तुटली नसेल तर खळी परत बाहेर येते आणि गोल पुन्हा गोल होतो. मान तुटली असेल तर आतली पिशवी आतच राहते, बाहेरचं पाणी पोटात घेऊन.

“उसवता येत नाही तिथे,” ती म्हणाली.

मग तिनं मशीनवर अर्धवट असलेला ब्लाउज उलटा करून मला दाखवला. जांभळा, काठाचा, गल्लीतल्या कुणा सुनेचा. अस्तर वरच्या कापडापेक्षा जेमतेम नखभर सैल ठेवलं होतं, बाहीच्या गोलाईत तेवढंच कमी. हे माप टेपवर नसतं, असं ती म्हणाली, ते कापड हातात धरल्यावर कळतं. मी बोटानं चाचपून बघितलं. अंगठ्याला फरक जाणवला, डोळ्यांना दिसला नाही.

निघायच्या दिवशी सकाळी मी पिनांची गादी जवळ ओढली आणि दहा सुया ओवल्या. पाच पांढऱ्या, तीन काळ्या, दोन जांभळ्या. मावशी दारात छत्री घेऊन उभी होती, मला रिक्षापर्यंत सोडायला.

“पुढच्या वेळी येताना लक्ष्मी रोडवरून अस्तराचं कापड आण,” ती म्हणाली. “पांढरं, चांगलं दहा मीटर. आटणारं चालेल, मी पाण्यातून काढून घेईन.”